पेटना

मी वाळव्याकडची. आमच्यात ‘चूल पेटना’ म्हटलं
की लाकडं ओली आहेत, फुंकणी आण.
बदली झाली ती थेट बुराईच्या काठी,
दोंडाईच्यापासून एस.टी.नं चाळीस मिनिटं,
त्यातली दहा फाटकाशी, सुरतेची गाडी जाईपर्यंत.

जानेवारीत खोकं आलं.
बारा पाट्या, एकेक मारी बिस्किटाएवढी,
वर पंचवीस ठिपके, पाच गुणिले पाच,
सुटे दिवे, तारा, चिमटे,
आणि एक मार्गदर्शिका, जिचं मराठी
मला इंग्रजीपेक्षा अवघड गेलं.
मधल्या सुट्टीत मी शिकायचे, तासाला शिकवायचे.
दोन्हींत अंतर एका डब्याचं.

पहिल्याच दिवशी बजावलं : डोळे चोळायचे नाहीत.
सकाळी पथारीवर मिरचीचे देठ खुडून आलेली बोटं ती.
तसल्या नखांनी तारा सोलल्या.
दिव्याचा लांब पाय धन, आखूड पाय ऋण,
जागृती हिलाल कोळीनं एकदाच ऐकलं
आणि तीनदा शिंकली.

मग मागून भावेश गिरासे ओरडला :
‘मॅडम, दिवा पेटना!’

म्हटलं, असू दे, घाबरू नकोस.
पाय उलटे लागले असतील.
सेल बघ, चिमटा बघ,
‘जर’ लिहिलंस, ‘तर’ कुठंय?
‘मना भी पेटना!’ दुसरा.
फळ्याकडं तोंड करून मी पहिल्यापासून
सगळं समजावायला घेतलं. घाम फुटला.
वळले,
तर एकोणीस हनुवट्यांखाली लाल उजेड.

‘देखा ना, मॅडम. पेटना.’

इथं पेटना म्हणजे पेटला.
पोऱ्या बसना म्हणजे बसला,
आणि मी सहा महिने बसलेल्या पोरांवर
बसत नाहीत म्हणून ओरडत होते.
‘एस.टी. उनी’ म्हणजे आली.
मी समजायचे, आज एक फेरी उणी,
आणि पारावर पेपर तपासत बसायचे.

फेब्रुवारीत आभाळ यायला लागलं.
अवकाळी एक शिंतोडा, की पथारीवरची मिरची काळी,
हे जागृतीनं मला शिकवलं.
मी तिला ‘सतत’ शिकवलं.
‘सतत म्हणजे सेल संपेपर्यंत ना?’
मार्गदर्शिकेत हे नव्हतं. समासात पेन्सिलीनं लिहून ठेवलं.
एका फळीवर दोन खिळे, बोटभर अंतरानं.
मधे पाणी आलं की वीज ओलांडेल,
भोंगा वाजेल, माणसं उठतील.

रात्री दोनला वाजला.
ताडपत्र्या, मोबाइलचे उजेड, हिलालभाऊ बनियनवर,
अख्खी गल्ली ढीग झाकत सुटली,
आणि वर टिपूर चांदणं. थेंब नाही.
भोंगा बिचारा खरं तेच सांगत होता : ओलं आहे.
कुणामुळं, हे त्याला आम्ही विचारायला लावलं नव्हतं.
‘पानी नही, बोकड्या! बोकड्या चाटी गया,’
भावेश हळूच म्हणाला. बोकड त्यांचाच.

सकाळी वाटलं, संपलं सगळं.
हिलालभाऊ शाळेच्या दारात उभे, मागं चार बाप.
म्हणाले, फळी जरा उंच बांधा.
जागृतीच्या वहीत आधीच होतं :
चूक एक, बोकड. उपाय, उंची.
चूक दोन, अशी ओळ लिहून
पुढची जागा तिनं कोरी सोडली होती.

महिनाअखेरीला जिल्ह्याचा तक्ता आला.
उपक्रम यशस्वी / अयशस्वी.
लागू नसेल ते खोडा.
मी काहीच खोडलं नाही.
शेऱ्यात लिहिलं : दिवा पेटना.
धुळ्यात एक अर्थ लागेल, पुढं पुण्यात दुसरा.
लागो.

बाहेर कुणीतरी हाक दिली, एस.टी. उनी.
मी पिशवी उचलली.