आधी कोबाल्ट

निवास, किल्ली घे.
मागच्या खोलीची. जिची खिडकी उत्तरेला आहे,
जिच्या पत्र्यावर मी दर मार्चात ओली पोती पसरते.
कुपवाडला एप्रिलात शेडात उभं राहवत नाही,
त्या खोलीत तुला गार वाटेल.
तो गारवा तुझ्यासाठी नाही.
हार्डनरसाठी आहे.

बघ, पाण्यासारखं दिसतंय.
तिथंच फसगत होते.
कोबाल्ट बरं. जांभळं, चिकट, बोटाला लागलं की
आठवडाभर चारचौघांत चुगली करत फिरतं.
हे काहीच सांगत नाही.
इलाही मुल्लानं एकदा पाण्याच्या बाटलीत काढलं,
दोन मिनिटांसाठी, साच्यापर्यंत न्यायला.
त्या दोन मिनिटांत जेवणाची सुट्टी झाली.
बाटली कुणी उचलली ते सांगत नाही.
त्याची बायको अजून सहा नंबरच्या गेटावर चहा विकते.
मी तिथंच घेते चहा. साखर जास्त असते.
कधी बोलले नाही.

रेझिन तोलायचं. त्यात आधी कोबाल्ट.
ढवळायचं तळापासून, रंग सगळा एक होईस्तोवर.
मगच हार्डनर, सिरिंजनं मोजून.
उन्हाळ्यात शंभराला एक, पावसात दोन,
आणि मोजताना फोन वाजला तर वाजू दे.
ती दोघं थेट भेटता कामा नयेत,
मापात नाही, ब्रशावर नाही,
फरशीवरच्या थेंबात सुद्धा नाही.
मगदूम साहेबांचा पोरगा म्हणाला, भेटली तर काय होतंय?
मी त्याला वर बघायला लावलं.
त्या कोपऱ्यातला पत्रा नवा आहे बघ.
तुला वाटलं असेल, गळत होता म्हणून बदलला.

सांडलं तर ओली वाळू. भुसा नाही.
आम्ही घेतला होता भुसा. सूपभर.
गोळा केला, डब्यात टाकला, कुलूप लावून घरी गेलो.
रात्री अडीचला डबा आपला आपण पेटला.
वॉचमन धोंडिरामनं आयुष्यात बिडी ओढली नाही,
तरी पोलिसांनी त्याचेच खिसे उलटे केले.

कॅनचं झाकण त्याचंच ठेव, त्याला श्वास लागतो.
उरलेलं परत आत ओतू नको.
काटकसर घरी कर.
कॅन फुगलेला दिसला तर हात लावायचा नाही,
आधी माणसं बाहेर, मग मला फोन.

डोळ्याकडं चोरून काय बघतोस, विचार की.
एकच थेंब. सिरिंज झटकली
आणि चष्मा कपाळावर होता,
कारण घाम आला होता. एवढंच कारण.
शशिकलानं मान धरून नळाखाली दाबली.
मी शिव्या देत होते, ती घड्याळ बघत होती.
पंधरा मिनिटं. अजून पंधरा.
मग रिक्षानं मिरजेला, ओल्या साडीत.
डॉक्टर म्हणाले, जे राहिलंय ते नळानं राखलंय.
आता आयर्विन पुलावरचे फुटांचे आकडे
मी मान वळवून डाव्या डोळ्यानं वाचते.

भिलवडीची होडी जूनच्या आत द्यायची आहे.
साहेब घाई करतील. म्हणतील, हार्डनर वाढव, लवकर वाळंल.
वाळतं. पण आतून भाजतं,
आणि तो तडा इथं दिसत नाही,
नदी पात्राबाहेर आल्यावर दिसतो,
मध्यावर, होडीत म्हातारी, शेळी, दोन तान्ही पोरं असताना.
तेव्हा नाही म्हणायचं.
मला जमायला नऊ वर्षं लागली.
सुटली की नाण्यानं वाजवून बघ, टोकापासून टोकापर्यंत.
कुठं भदभदलं तर खूण कर, लाज वाटून घेऊ नको.

किल्ली खिशात नको, गळ्यात घाल.
हां, आणि ती तुझी बाटली,
लाल झाकणाची, पाण्याची,
खिडकीत ठेवलीस ती.
बाहेर ठेवून ये.
मी थांबते.