किमान आवृत्ती

रुवीत, एक्स्चेंजच्या चौथ्या मजल्यावर, गुरुवारी दुपारी,
उद्या सुट्टी म्हणून सगळ्यांनाच घाई.
पडद्यावर आलेख. जुन्या आवृत्तीवर उरलेत
एक पूर्णांक चार टक्के.
शेपूट आहे, जोसलिन म्हणाली, कापून टाकू.

दोन वर्षं मीही तेच म्हणत होते.
माझ्या खणात सहा जुने फोन आहेत,
एकाची बॅटरी पापडासारखी फुगलेली.
नवं काहीही बाहेर सोडायचं
तर आधी चार दिवस यांची मनधरणी.
शिवाय त्यांची कुलुपं जुनी,
कुणीही वाकडी तार घालावी आणि उघडावीत,
आणि आत पगार.
हे बहाणे नाहीत. हे खरंच असं आहे.

फक्त टक्क्यांचे फोन करून पाहिले:
चारशे बारा.
एका फोनमागे किती माणसं, ते आलेखात येत नाही.

मला ते ठाऊक, दिलावर परकारांमुळे.
दाभोळचे. मिस्फाच्या कॅम्पात, क्रेनवर, एकोणीस वर्षं.
खोलीतल्या सहाजणांचे पैसे त्यांच्याच फोनवरून जातात.
काच तडकलेली, वर चिकटपट्टी.
पंचवीस तारखेच्या रात्री तो हातोहात फिरतो
लग्नातल्या पानाच्या तबकासारखा.

सूचना लिहायचं माझ्याकडेच आलं,
मराठी येणारी मी एकटी.
'ही आवृत्ती यापुढे चालणार नाही.
नवीन फोन घ्या किंवा शाखेत या.'
खणातल्या फोनवर लावून पाहिलं.
बाकी सगळं नीट,
तुटला तो 'किंवा'.
वेलांटी क सोडून भलतीकडे,
आणि तिला टेकायला
ठिपक्यांचं एक रिकामं वर्तुळ.

मग 'नाहीतर' लिहिलं.
नवीन फोन घ्या, नाहीतर शाखेत या.
वाचून माझी मलाच भीती वाटली.
'अथवा' लिहिलं.
अथवा कोण म्हणतं, दाभोळात?

हमूदनं विचारलं, तारीख काय टाकू?
ईदनंतर, मी म्हटलं.
का, ते मला सांगता आलं नाही,
त्यानं विचारलंही नाही, टाकली.
काम म्हणाल तर एका आकड्याचं:
चोवीस होतं तिथे सव्वीस.
चाराचा सहा.

संध्याकाळी परकारांना फोन केला.
मागे क्रेनचा भोंगा, वारा.
मी सगळं समजावून सांगितलं, कुलुपं, तार, सगळं.
बराच वेळ ऐकून घेतलं त्यांनी.
बरां बाय, म्हणाले,
आमी काउंटरवर येव. आदी येतच होताव ना.
फक्त टॅक्सीला दीड रियाल पडतो, जाऊन येऊन,
सहा माणसांचा तेवडा धर
तुझ्या हिशेबात.