डोळा

रुपराव ढोके दिवसाला चारशे डोळे बांधतो.
जंभेरीच्या सालीवर काप,
काप उघडून आत संत्र्याचा डोळा,
वरून प्लास्टिकची पट्टी, घट्ट.
सगळे डोळे एकाच झाडाचे.
विहिरीजवळचं ते, साखरेसारखं,
कळमन्याच्या बाजारात नावानं विचारलं जाणारं.

मग गावोगाव बागा पिवळ्या पडत गेल्या,
अर्धं पान हिरवं, अर्धं विसरलेलं.
लोक म्हणाले, नजर लागली.
यानंही फाटकाला काळी बाहुली टांगली.

अमरावती रोडवरच्या प्रयोगशाळेत
मी त्या झाडाच्या पानाची शीर खलात वाटली.
हा जंतू काचेच्या ताटलीत वाढत नाही.
त्याला जिवंत झाडच लागतं,
आणि नेऊन सोडणारं कुणी:
तिळाएवढा सिला किडा
किंवा माणसाचा हात.

रात्री जेलवर पट्टी उमटली.
काटोलच्या नमुन्यात तीच.
सावनेरच्या, तीच.

रुपराव स्टुलावर बसून
स्वतःचा अंगठा बघत राहिला.
"म्हंजे नजर डोळ्यातच होती म्हना."
मग बऱ्याच वेळानं,
"किती झाले असतीन?"

चारशे, गुणिले हंगामाचे दिवस,
गुणिले एकवीस वर्षं.
मी कॅल्क्युलेटर उघडला,
आणि त्याला चहा विचारला.