रविवारचा चाकू

सव्वीस चाकू हिरव्या फ्लॅनेलवर ओळीनं,
आणि नॉक्सव्हिलहून आलेला लेलँड स्टिडम
डोळ्याला भिंग लावून
आमच्या व्हरांड्यात.
कॉफी नको म्हणाला. आधी हात धुऊन आला.
हे मला आवडलं. बाबाही असेच,
खाणीतून आले की दोनदा साबण
आणि मगच खण उघडायचे.

तो एकेक पातं उघडतो, मिटतो,
मिटताना कान देतो.
टक्.
‘हा बोलतो,’ म्हणतो.
पुढचा नुसता पुटपुटतो. त्याची किंमत कमी.

शिंपल्याची मूठ कशी पाहायची
ते मला बाबांनी शिकवलं होतं:
दिव्याखाली नाही, खिडकीशी,
सकाळी दहाच्या आत, जरा तिरकी धरून.
मग दुधाखालून गुलाबी सरकतं,
त्यामागून हिरवं, कबुतराच्या मानेसारखं,
आणि नेमकं बघायला जावं
तर पुन्हा नुसतं दूध.
समुद्र त्यांनी कधी पाहिला नव्हता.
या डोंगरांबाहेर ते दोनदाच गेले,
एकदा लग्नाला, एकदा फुप्फुसं दाखवायला.
तरी म्हणायचे, हा तुकडा खोल पाण्यातला,
हा उथळ.
कशावरून, ते विचारायचं नाही.

सोमवार ते शनिवार खिशात
हाडाच्या मुठीचा काळा चाकू:
तंबाखू, दोरी, ससा,
तळहातात रुतलेली कोळशाची कपची.
रविवारी चर्चला शिंपल्याचा.
त्यानं काहीच कापायचं नाही.
फार तर पाद्र्याच्या मुलाच्या हातात द्यायचा.
उघडा दिला तर त्यानंही उघडाच परत करायचा,
मिटलेला दिला तर मिटलेला.
आमच्याकडची रीत आहे ही.

स्टिडम आता मूठ दाताला लावतो.
थंड. थंड. थंड.
वहीत आकडे.
सत्ताविसावा वेगळा होता, तंबाखूच्या डबीत,
झाकणाला खिळ्यानं पाडलेली भोकं.
डबी उघडतो आणि आधी नाकच मागे घेतो.
कापूर.
‘सेल्युलॉइड,’ तो म्हणतो, हळू,
घरात कुणी आजारी असल्यासारखं.
‘शिंपल्याची नक्कल. कुजतंय ते.
त्याच्या वाफेनं शेजारची पाती गंजतात.
वेगळा ठेवला ते बरं झालं.’

बरं झालं.
म्हणजे त्यांना ठाऊक होतं.
भोकं पाडली त्या दिवशी तर नक्कीच,
कदाचित फार आधीपासून,
आणि तरी दर रविवारी हाच खिशात,
खरे सव्वीस फ्लॅनेलमध्ये झोपलेले.

आईनं दिला होता, पाइकव्हिलच्या जत्रेतून,
अंडी विकून साठवलेल्या पैशांचा,
खरा म्हणून.
चाकू फुकट घेतला तर माया तुटते,
म्हणून बाबांनी तिच्या हातावर एक सेंट ठेवला.
तो तिच्या बटणांच्या डब्यात अजून आहे की नाही,
मला माहीत नाही.
डबा बहिणीकडे गेला, बहीण ओहायोला.

स्टिडम चांगला माणूस.
सव्विसांचे पैसे दोनदा मोजले.
म्हणाला, हा पुरून टाका, नाहीतर निदान
चुलीपासून लांब ठेवा, चटकन पेटतं ते.
आणि चाकू माझ्या हातात दिला.

त्याची गाडी वळणाआड गेली.
मी मूठ दाताला लावली.
कोमट. लगेच कोमट,
आत्ताच कुणाच्या खिशातून निघाल्यासारखी.
पातं उघडं होतं. त्यानं उघडाच दिला होता.
आता तो परत कुणाला करायचा?

टेबलावर सफरचंद होतं.
चाकूकडे बघत
मी ते दातांनीच खाल्लं.