कलम सात

इतिवृत्त लिहिण्याचं काम माझं.
तळमजल्यावरची खोली, हिटरची बारीक शिट्टी,
टेबलावर कागदी रुमालांचा डबा,
सहा मिनिटं पुढे धावणारं घड्याळ,
खिडकीत सुपीरियर सरोवर, मार्च उजाडला तरी गोठलेलं.
एकोणीस वर्षं इथे दुसऱ्यांची वाक्यं उतरवून घेते.
माझं एकही नाही त्यात.

कलम सात आलं तेव्हाही मीच टंकत होते.
त्याआधीच्या हिवाळ्यात मारिसेला ओचोआ आली होती,
पहिल्या वर्षाची, कोट न काढताच बसली.
एका मुलाचे एकशे बारा संदेश,
सगळे रात्री दोननंतरचे.
मग दाराखालून सरकवलेला एक फोटो:
तिचीच खिडकी, बाहेरून.
समितीने विचारलं, "हात लावला का त्याने?"
"नाही."
"मग कोणत्या नियमात बसवायचं?"
पानं चाळली. नियम नव्हता.
हिटर तेवढा बोलत राहिला.
वसंतात ती घरी गेली ती गेलीच.

म्हणून कलम सात.
आनंदाने टंकलं मी ते, खोटं कशाला बोलू.
'वारंवार', 'नको म्हटल्यावरही', 'भीती वाटेल असे'.
प्रत्येक शब्दाआड ती बसलेली, कोटाची बटणं गळ्यापर्यंत.

पुढे वकील आले. विमा कंपनीचं पत्र आलं.
एका दुरुस्तीत 'वारंवार' गळलं.
दुसरीत 'भीती' गेली, 'अस्वस्थता' आली.
तिसरीत, शुक्रवारी, जेवायच्या सुट्टीआधी घाईघाईत,
'अथवा वाटू शकेल'.
कलमच ते. बांधलं एका फांदीवर,
फुटलं भलतंच.

आज वेंडेल निएमी.
दुसरं वर्ष, भूगर्भशास्त्र, हातात लोकरी टोपी.
त्याच्या दारावर पांढरा फळा,
फळ्यावर निळ्या मार्करने:
'कुलगुरूंच्या छपराला तांबं, आमच्या छपराला बादली.'
इथवर सगळे हसले असते.
खाली आणखी एक ओळ होती:
'समोरच्या खोलीतल्यांनो, प्रार्थनेने गळती थांबत नाही.'

समोरच्या खोलीतला जोएल ब्राकेन
टेबलाच्या त्या टोकाला, वेंडेलपेक्षाही अवघडलेला.
"मला वाईट वाटलं," म्हणाला,
"त्याने ते पुसावं एवढंच हवं होतं.
मजल्याच्या प्रमुखांनी फॉर्म दिला.
त्यात 'वाईट वाटलं' अशी चौकटच नव्हती."

"तुझा हेतू काय होता?" समितीने वेंडेलला विचारलं.
"चिडलो होतो."
"कुणावर?"
बराच वेळ विचार करून म्हणाला, "पाण्यावर."

मी हे उतरवलं.
वाईट बोलला होता तो, माझ्या मुलाला मी ओरडले असते.
ओरडले असते, आणि जेवायला वाढलं असतं.
इथे ताट नव्हतं. रुमालांचा डबा होता,
आणि एकशे बारा संदेशांसाठी जिथे जागा नव्हती
त्याच फाइलीत आता दोन ओळींना
स्वतंत्र क्रमांक.

निर्णय: समज देण्यात आली.
काय समजलं त्याला, ते मी पाहिलं.
टोपी घातली, काढली, पुन्हा घातली,
जाताना जोएलसाठी दार धरलं.
दोघे एकमेकांशी बोलले नाहीत.
आता कसे बोलतील?

संध्याकाळी पत्र द्यायला मीच वर गेले, तिसऱ्या मजल्यावर.
अकरा दारं, अकरा फळे.
दहा कोरे, ओल्या फडक्याने लख्ख.
अकराव्यावर लिहिलं होतं, 'दूध संपलं',
आणि त्याखाली, बारीक अक्षरात,
'कुणालाही उद्देशून नाही.'

मी हसले, मग मागे वळून पाहिलं, कुणी ऐकलं तर नाही ना.
कॉरिडॉरच्या टोकाला बादली अर्धी भरली होती.
खाली येऊन मी शेवटची ओळ टंकली,
दर वेळी टंकते तीच:
बैठक शांततेत पार पडली.