अकरा सेकंद

मॅग्नोलिया थिएटरला दोन दारं होती.
पुढचं दिव्यांचं.
आमचं बाजूच्या बोळात, लोखंडी जिन्याचं;
उन्हाळ्यात त्याचा कठडा हाताला चटका द्यायचा.
बेल्चर काउंटी, मिसिसिपी.
मी तिथे झाडू मारायचो, चौदाचा होतो.

सिनेमा आला तो पत्र्याच्या सहा डब्यांतून,
आणि मागोमाग कमिटीचे तिघे.
रिकाम्या थिएटरात त्यांनी रात्री तो पाहिला.
एक म्हणाला, बाकी ठीक आहे,
पण त्याचा एवढा मोठा चेहरा नको.
कादंबरी त्यांच्यापैकी कोणी वाचली नव्हती.
माझ्या आईने वाचली होती,
मिसेस क्रूमने फेकून दिलेली,
पिठाच्या पोत्याच्या कापडात गुंडाळून,
इस्त्री तापेपर्यंत दोन-दोन पानं.

हॅस्केल साहेबांनी दाढीचं पातं घेतलं.
कोर्टातल्या प्रसंगातून साडेसोळा फूट.
‘ल्यूशस, हे केरात.’
मी केरात टाकलं. मग केरातून उचललं.
आजीच्या तपकिरीच्या डबीत ते असं बसलं,
जसं डबी बघूनच कापलं होतं.

शनिवारी वर बाल्कनीत आम्ही सगळे.
वकील विचारतो: त्या रात्री तू तिथे का गेला होतास?
पडदा एकदा डोळा मिचकावतो,
आणि ज्युरी उठून बाहेर चाललीय.
आरोपीच्या तोंडून ब्रसुद्धा नाही.
खाली कोणाला काही कळलं नाही,
शेंगा सोलल्याचा आवाज तेवढा.
वर आईने माझं मनगट धरलं,
इतकं घट्ट, की मला वाटलं, खिशातलं हिला कळलं.

रूळ ओलांडल्यावर तिने मागे वळून पाहिलं.
कुठल्या गाडीचे दिवे नव्हते.
म्हणाली, तो काय म्हणतो ते मी सांगते.
‘शिडी माझी होती, साहेब.
उसनी नेली, त्याला चार महिने झाले.
माणूस आपली वस्तू परत आणायला जातोच.’
आवाज तिचा नव्हता.
घोगरा, थोडा हसरा.

डबीचं मी तिला कधीच सांगितलं नाही.
डेट्रॉइटला नेली. तीस वर्षं मोटारींची दारं बसवली,
आणि एखाद्या रविवारी पट्टी खिडकीशी धरली:
दोनशे चौसष्ट चौकटी,
प्रत्येकीत तोच माणूस,
तोंड कुठे जरा उघडं, कुठे मिटत आलेलं.
कडेने एक पांढरी दातेरी रेघ जाते.
तो आवाज असतो, एका ऑपरेटरने सांगितलं होतं.
मी तो नखाने चाचपून बघायचो.
झाकण उघडलं की अजून शिंक येते.

परवा टीव्हीवर लागला, अख्खा.
नातीला म्हटलं, आता बोलू नकोस.
वकील विचारतो.
तो मान खाली घालतो:
‘मी काही वाईट केलं नाही, साहेब. देवाशपथ.’
अकरा सेकंद.
त्यातले सात नुसते आवंढा गिळण्यात.

शिडी नाही.
सबंध सिनेमात कुठेही शिडी नाही.
लायब्ररीतून पुस्तक आणलं, भिंग घेऊन बसलो.
पुस्तकातही नाही.

मला एक मामा होता, ॲन्सेल. घरं रंगवायचा.
त्याचं नाव आमच्या घरात निघत नसे.
परसात, कुंपणाच्या कडेला,
एक शिडी आडवी पडलेली असायची,
पायऱ्यांवर पांढऱ्या रंगाचे थेंब.
आई मला तिच्यावर चढू द्यायची नाही.
ती परत कोणी आणून टाकली,
हे विचारायचं राहिलं.