भरतीचं वेळापत्रक

काय काय पाहिलं म्हणता?
बसा. पाण्याला अजून अवकाश आहे.
आज पाचवा दिवस, रात्री दीडला सोडतील म्हणे.

आधी किल्ला पाहिला.
स्वान्सीच्या भर चौकात, एवढासा.
आपल्या भुईकोटाच्या एका कोपऱ्यात मावेल
आणि वर कबुतरांना जागा उरेल.
भाग्या म्हणाली, नान्ना, तुलना नको.
मी नुसतं मोजलं.
जन्मभर धागे मोजले, डोळ्यांना खोड आहे.

बाजारात एक बाई शिंपल्यांतलं मांस विकत होती,
शेजारी शेवाळाची काळीकुट्ट भाजी.
खिशातली शेंगाचटणी वर भुरभुरली
तेव्हा कुठं घशाखाली गेली.

समुद्र? सांगतो.
सकाळी गेलो तर नव्हता.
मैलभर ओला चिखल, आणि एक कुत्रं
मालकाला ओढत चाललेलं.
म्हटलं, बिड्डा, एवढं तिकीट काढून आणलंस, समुद्र कुठाय?
येईल, म्हणाली, तीन चाळीसला.
आणि पर्समधून छापील तक्ता काढला.
पाण्याचं वेळापत्रक!
आणि पाणी ते पाळतं.
दिवसातून दोनदा,
व्हॉल्व्हवाल्याला एकही फोन न करता.
हसता काय? घड्याळ हातात धरून बसलो होतो मी.

मधल्या वेळात नदीकाठी नेलं तिनं.
तांब्याचा कारखाना. म्हणजे, त्याची जागा.
चिमणी उभी, धूर नाही.
लोक फोटो काढत होते.
गाईड पोरगा सांगत होता, किती टन, किती जहाजं.
मी म्हटलं, विचार त्याला,
भोंगा किती वाजता व्हायचा?
शेवटच्या दिवशी झाला का?
कामगारांची देणी मिळाली?
भाग्यानं पहिलं तेवढं विचारलं.
पोरगा गोड हसला, टोपी सारखी केली,
चिमणीची उंची पुन्हा सांगितली.
मी विटेला हात लावला.
ओली होती. आपल्या मिलच्या विटा अशा कधी ओल्या नसतात.
तरी हाताला ओळख पटली.

मग वाळूवर चादर अंथरली,
माझ्याच मागावरची, मोराची,
भाग्यानं नऊ वर्षं पेटीत जपलेली.
तीन चाळीसला पाणी आलं.
ती ओरडत होती, नान्ना, उठा,
काठ भिजेपर्यंत मी उठलो नाही.

ती बघा, दोरीवर आहे.
काठाला मीठ धरलंय, धुवायची म्हणतो आणि
थांबा.
नळ फुसफुसला.
आधी नुसती हवाच येते.
उठा, त्या घागरी इकडं द्या.